फँटसी हॉकी लीगमधली भांडणं: कमिशनरने निकाल द्यायचा तरी कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोरोंटोजवळ ब्रॅम्प्टनमध्ये ऑफिसातल्या 10 जणांची आइस हॉकीची फँटसी लीग, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खऱ्या खेळाडूंची प्रत्येकाची कागदावरची टीम, आठवड्याचं हेड-टू-हेड कॅटेगरी (दर आठवड्याला दोघांचा सामना, आणि गोल, असिस्ट, हिट असा एकेक आकडा वेगळा लढवायचा), प्रत्येकी 50 डॉलर, यंदा पहिल्यांदाच कमिशनरकी, म्हणजे लीग चालवायचं काम, गळ्यात पडलेली आणि प्लेऑफ तोंडावर आलेले असताना एकदम तीन भांडणं. एक, तळाच्या टीमने ट्रेड डेडलाइनच्या आदल्या रात्री केल मकार हा अव्वल डिफेन्समन देऊन दोन साधारण फॉरवर्ड घेतले, आणि ज्याला मकार मिळाला तो त्याचाच रूममेट. दोन, एकाचे आठवड्यात गोलीचे (गोलकीपरचे) अपिअरन्स, म्हणजे मॅचमध्ये प्रत्यक्ष उतरणं, 3 लागतात तिथे 2च झाले, कारण रविवारी त्याचा गोली वॉर्मअपनंतर बसला, त्यामुळे गोलीच्या सगळ्या कॅटेगरी गेल्या आणि भाऊ प्लेऑफच्या बाहेर. तीन, खुद्द कमिशनरची मॅचअप सोमवारी सकाळी एका असिस्टच्या (गोलसाठी दिलेल्या पासच्या) दुरुस्तीने फिरली, आणि फिरली ती त्याच्याच बाजूने. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंबाबोंब चालू आहे आणि विचारताय की न्याय कसा करू.

मी टोरोंटोकडे बरीच वर्षं अशी लीग चालवतोय, अर्धे आपले लोक, अर्धे इतर, एकजण नोकरी बदलून पुण्याला परत गेला तरी अजून खेळतो, त्यामुळे यातलं बहुतेक सगळं बघून झालंय. माझं पहिलं म्हणणं हे की न्याय करायला जाऊच नका. तुमचं काम न्यायाचं नाही, नियम लावायचं आहे. सिझन सुरू झाला तेव्हा जे लिहिलेलं होतं ते लावायचं, नियम बावळट असला तरी तोच लावायचा, आणि तो बदलायचा असेल तर पुढच्या सिझनसाठी. मागे जाऊन काही म्हणजे काही बदलायचं नाही. एवढं एक पाळलं तरी निम्मी भांडणं आपोआप थंड होतात, कारण लोकांना हरण्याचा राग येतो त्यापेक्षा जास्त राग "याच्यासाठी वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं" याचा येतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ड्रीम इलेव्हनमध्ये एकच खेळाडू लाखो लोकांच्या टीममध्ये असू शकतो आणि मॅच संपली की टीम संपली, इथे मात्र ऑक्टोबरमध्ये ड्राफ्ट होतो, मकार एकाकडे गेला म्हणजे बाकी नऊ जणांना तो एप्रिलपर्यंत मिळत नाही, मिळालाच तर ट्रेड करून. म्हणून इथे प्रत्येकाच्या फायद्याला दुसऱ्या कोणाचा तरी तोटा चिकटलेला असतो आणि भांडणं एवढी पेटतात.

भांडण आलं की मी आधी एवढंच बघतो की हे कुठल्या जातीचं आहे. नियम आहे आणि तो स्पष्ट आहे, पण कोणाला तरी आवडला नाही, ही एक जात. नियम गप्प आहे, म्हणजे असं काही होईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, ही दुसरी. आणि नियम आहे पण तो खरोखरच चुकीचा आहे हे आत्ता सगळ्यांनाच दिसतंय, ही तिसरी. तिघांचं औषध वेगळं आहे आणि लोक तिन्हीला एकच औषध देतात, ते म्हणजे ग्रुपवर पोल. पोल घेतला की काय होतं, प्रत्येकजण आधी स्टँडिंग्ज (गुणतक्ता) उघडून बघतो की कोण हरलेलं आपल्याला परवडेल आणि मग तत्त्वाची भाषा बोलतो. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचा तो कारटा, दुसरं काही नाही. चालू सिझनमधल्या चालू भांडणावर पोल कधीच घेऊ नका.

तुमचं गोलीवालं भांडण पहिल्या जातीचं आहे, त्यामुळे ते आधी घेतो. नियमात 3 अपिअरन्स लिहिलंय, सेटिंगमध्ये 3 आहे, प्लॅटफॉर्मने, म्हणजे लीग ज्या साइटवर चालते तिने, आपोआप लावलं. वाईट वाटतं, मान्य आहे, सकाळच्या स्केटनंतर (सरावानंतर) सगळीकडे "कन्फर्म्ड" म्हणून नाव आलं होतं आणि माणूस वॉर्मअपमध्ये दुखावला, यात मॅनेजरची काय चूक. पण जरा पलीकडच्या बाजूने बघा. त्याचा जो प्रतिस्पर्धी होता त्याने कदाचित शनिवारीच आपला शेवटचा ॲड (नवा खेळाडू घ्यायची संधी) वापरून कुठल्या तरी तळाच्या टीमचा बॅकअप गोली उचलला असेल, का तर ती टीम शनिवार-रविवार लागोपाठ खेळतेय आणि लागोपाठच्या दोन रात्री एकच गोली सहसा उभा करत नाहीत, म्हणजे एक मॅच बॅकअपला मिळणार हे त्याला माहीत होतं. त्या बॅकअपने 5 गोल खाल्ले असतील आणि त्याचा सेव्ह पर्सेंटेज (अडवलेल्या शॉटची टक्केवारी) खड्ड्यात गेला असेल. त्याने ती किंमत मोजली, दुसऱ्याने रविवारवर सगळं ठेवलं. आता सूट दिलीत तर ज्याने काळजी घेतली तो मूर्ख ठरतो. म्हणून निकाल जसा आहे तसा. गोलीच्या कॅटेगरी गेल्या त्या गेल्या.

यात एकच गोष्ट नक्की तपासा, तुमच्या सेटिंगमध्ये "अपिअरन्स" आहे का तुम्ही मनात "स्टार्ट" (मॅचच्या सुरुवातीपासून उतरणं) धरलंय. दुसऱ्या पिरियडमध्ये रिलीफला (आधीच्याच्या जागी) आलेला गोलीसुद्धा अपिअरन्स असतो, नुसता टोपी घालून बेंचवर दार उघडायला बसलेला मात्र धरत नाहीत. बऱ्याच वेळा भांडणाचं मूळ एवढ्यातच असतं.

आणि गोलीचा विषय निघालाच आहे तर, लीगमध्ये सगळ्यात जास्त "हे सॉफ्टवेअर चुकलंय" अशी तक्रार गोलीवरूनच येते आणि बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बरोबर असतं. उदाहरणार्थ मॅच 0-0 राहून शूटआउटला गेली, स्कोअरबोर्डवर शेवटी 1-0 दिसतं, तरी हरलेल्या गोलीला शटआउट (एकही गोल न खाल्ल्याचं श्रेय) मिळतो, कारण शूटआउटमधले गोल गोलीच्या खात्यात धरतच नाहीत. खेळाडूच्या गोलमध्येही धरत नाहीत, म्हणजे शूटआउटमध्ये सुंदर गोल मारून तुमच्या फॉरवर्डने मॅच जिंकून दिली तरी तुम्हाला शून्य. दोन गोलींनी मिळून शटआउट केला तर तो टीमचा, दोघांपैकी कोणाचाच नाही. आणि विन कोणाला, तर निर्णायक गोल झाला तेव्हा जो नेटमध्ये होता त्याला.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे 22 फेब्रुवारी 2020, शनिवार, टोरोंटो. कॅरोलिना हरिकेन्सचा गोली रायमर पहिल्या पिरियडमध्ये दुखावला, मग त्याच्या जागी आलेला मरॅझेक दुसऱ्या पिरियडमध्ये, आणि इमर्जन्सी गोली म्हणून डेव्हिड एअर्स नेटमध्ये उतरला, वय 42, एरवी बर्फ साफ करायची झँबोनी चालवणारा माणूस. तो आला तेव्हा कॅरोलिना 3-1 ने पुढे होती. नंतर 4-1 झाली, मग समोरच्या टोरोंटो मेपल लीफ्सने लागोपाठ दोन मारले, 4-3, आणि शेवटी कॅरोलिना 6-3 ने जिंकली. एअर्सने 10 पैकी 8 शॉट अडवले. आता 6-3 मध्ये निर्णायक गोल चौथा, समोरच्यांच्या 3 पेक्षा एक जास्त, तो झाला तेव्हा नेटमध्ये एअर्स, म्हणून विन एअर्सच्या नावावर. ज्यांच्या टीममध्ये मरॅझेक होता त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठवड्याच्या शेवटच्या रविवारी, काय आलं तर ठणठणगोपाळ. अख्खं जग त्या माणसाचं कौतुक करत होतं आणि फँटसीवाले मरॅझेकच्या एका विनसाठी कपाळावर हात मारून बसलेले. अशा वेळी कमिशनरने काय करायचं? काही नाही. "अधिकृत आकडे एनएचएलचे, प्लॅटफॉर्म दाखवेल ते अंतिम" एवढं एक वाक्य नियमात असलं की तुम्हाला तोंड उघडावंच लागत नाही.

यावरूनच तुमचं तिसरं भांडण, असिस्टच्या दुरुस्तीचं. मॅच झाल्यावर एनएचएल व्हिडिओ बघून असिस्ट काढते, दुसऱ्याला देते, गोलसुद्धा बदलतात, पकला कोणाची स्टिक लागली होती यावरून. हे नेहमीचं आहे. हिट (अंगाने दिलेली धडक) आणि ब्लॉक (अंगावर अडवलेला शॉट) तर मुळातच त्या त्या अरीनातला माणूस बघून मोजतो, त्यामुळे तिथे काटेकोरपणाची अपेक्षाच धरू नका. दुरुस्ती प्लॅटफॉर्मने लावली तर ती लागू, कोणाच्याही बाजूने जावो. निकाल म्हणून तुमचा विजय बरोबरच आहे. पण तो तुम्ही जाहीर करायचा नाही.

कमिशनरची स्वतःची टीम ज्यात आहे तो निकाल कमिशनरने देऊ नये, मग निकाल कितीही सरळ असो. एनएचएलमध्ये गोल झाला की नाही याचा वाद आला की टोरोंटोच्या सिच्युएशन रूममधले, व्हिडिओ तपासणारे लोक त्यात असतात, त्या मॅचमध्ये ज्यांचं काही अडकलेलं नाही असे लोक. आपल्याला एवढा थाट नको. आम्ही ड्राफ्टच्या दिवशीच दोन नावं ठरवतो, एक उपकमिशनर आणि त्याची टीम अडकलेली असेल तर दुसरा एक. तुमच्याकडे असं काही ठरलेलं नसेल तर आत्ता त्या मॅचअपचा परिणाम ज्यांच्या जागेवर होत नाही अशा दोघांना विचारा, शक्यतो एक जण तुमच्याशी फारसं न पटणारा घ्या, आणि ते लिहितील तो निकाल. ते तुमच्याच बाजूने लिहितील, नियम तोच आहे. पण ग्रुपवर त्यांच्या नावाने आलेला मेसेज आणि तुमच्या नावाने आलेला मेसेज यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता ट्रेड. हे खरं अवघड, आणि इथेच सगळ्यात जास्त कमिशनर वाहवत जातात.

आधी रूममेट ही गोष्ट बाजूला ठेवा. रूममेट, मेहुणा, एकाच कारने ऑफिसला येणारे, हा पुरावा नाही, लोक ट्रेड करतात ते ओळखीच्यांशीच. ट्रेड वाईट दिसतो हाही पुरावा नाही. मूर्खपणाला बंदी नाहीये. बंदी असते ती संगनमताला, म्हणजे दोघांपैकी एकाला स्वतःच्या टीमचं भलं करायचंच नव्हतं, दुसऱ्याचं करायचं होतं. त्यामुळे प्रश्न एकच विचारायचा: देणाऱ्याला त्या क्षणी यातून काय मिळत होतं असं तो प्रामाणिकपणे मानू शकला असता?

आणि हे विचारायचं कसं तर दोघांना वेगवेगळं, खासगी मेसेज करून, दोन-तीन ओळीत लिहून द्यायला सांगायचं. "तू हा ट्रेड का केलास." ग्रुपवर नाही, फोनवर नाही, लिहून. तुमच्या केसमध्ये देणारा तळाला होता पण गणिताने अजून जिवंत होता का ते बघा. जिवंत असेल आणि म्हणाला की मी हिट आणि शॉट्समध्ये दर आठवड्याला हरत होतो, मकार मला पॉइंट देतो पण हे दोन फॉरवर्ड मिळून रात्रीला पाच-सहा हिट देतात आणि माझा डिफेन्स तसाही मेलेला आहे, तर बाबा, हा विचार मला पटत नसेल पण हा विचार आहे. ट्रेड पास. उलट तो म्हणाला की माझं काय, मी तर बाहेरच आहे, याला तरी जिंकू दे, तर त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की हा दानधर्म आहे. ट्रेड रद्द. आणि ज्याला खरंच पकडायचं ते म्हणजे बाहेरचा व्यवहार: जिंकलास तर पॉटमधले (जमलेल्या पैशातले) शंभर मला, किंवा कीपर लीग (काही खेळाडू पुढच्या सिझनला ठेवता येतात अशी) असेल तर "पुढच्या वर्षी परत दे". खेळाडू उसना देणं, पुढे परत घ्यायच्या बोलीवर, हे सगळ्यात जास्त चालतं आणि करणाऱ्यांना त्यात काही गैर वाटतच नाही, म्हणून हे नियमात शब्दशः लिहिलेलं असावं.

रद्द करायचा झाला तर पूर्ण रद्द, दोन्हीकडचे खेळाडू परत जागेवर. कमिशनर टूलने रोस्टर बदलता येतो आणि तो बदल ट्रान्झॅक्शनमध्ये सगळ्यांना दिसतो ते चांगलंच आहे. पण मधल्या काळात मिळालेले गोल-असिस्ट काढायला बसू नका, आणि "मकारच्या बदल्यात अजून एक चांगला माणूस घाल म्हणजे पास करतो" असली मांडवली तर अजिबात करू नका. तुम्ही दलाल नाही. तुम्ही किंमत ठरवायला लागलात की पुढचा प्रत्येक ट्रेड तुमच्या दारात येणार.

लीगच्या मतदानाने व्हीटो, ही सोय प्लॅटफॉर्म देतात, माझं मत विचाराल तर बंद करा. दुसऱ्या नंबरच्या टीमला पहिल्या नंबरचा ट्रेड कधीच फेअर वाटत नाही. आमच्याकडे ती बंद केल्यावर ट्रेड वाढले, आधी लोक म्हणायचे कशाला दोन आठवडे वाटाघाटी करायच्या, शेवटी चार जण पाचर मारणारच. आता व्हीटो फक्त कमिशनरचा, फक्त संगनमतासाठी, आणि कारण लेखी.

दुसऱ्या जातीचं, म्हणजे नियम गप्प आहे तिथे काय, हे तुमच्या प्रश्नात नाही पण येणारच आहे. कोणी तरी प्लेऑफच्या आठवड्यात प्रतिस्पर्ध्याला गोली मिळू नये म्हणून वेव्हरवरचे (कोणाच्याच टीममध्ये नसलेले) सगळे गोली उचलून बसेल. कोणी तरी दुखापतवाल्या जागेवर बरा झालेला खेळाडू तसाच ठेवेल कारण प्लॅटफॉर्मने स्टेटस अजून बदललं नाही. इथे एनएचएलनेच घालून दिलेला धडा आहे. 13 एप्रिल 2008, रेंजर्स विरुद्ध डेव्हिल्स, प्लेऑफ, रेंजर्सचा शॉन एव्हरी समोरच्या गोली ब्रोडरकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांसमोर हात आणि स्टिक नाचवायला लागला. पककडे पाठ. असं कोणी करेल हे नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी लीगने खुलासा काढला की यापुढे हे खेळाडूवृत्तीला सोडून केलेलं वर्तन धरून पेनल्टी दिली जाईल. यापुढे. झालेल्या मॅचला हात लावला नाही. अगदी हेच करा: पळवाट सापडली, ज्याने वापरली त्याला यावेळी मिळाली, तुम्ही त्याच दिवशी खुलासा लिहिला, पुढच्या सोमवारपासून लागू. ज्याने वापरली त्याच्यावर चिडू नका, हुशार माणूस आहे, त्यालाच पुढच्या वर्षी नियम तपासायला बसवा.

तिसरी जात, नियमच चुकीचा. 1990 मध्ये कॅल्गरी फ्लेम्सच्या सर्गेई मकारोवला सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी मिळाली, वय 31, सोव्हिएत संघासाठी वर्षानुवर्षं खेळून आलेला माणूस, तो कसला नवोदित. पण नियमाप्रमाणे होता, म्हणून ट्रॉफी त्याची. मग नियम बदलला, सिझनच्या 15 सप्टेंबरला वयाची 26 पूर्ण झालेली असतील तर नवोदित धरायचं नाही, आणि तो पुढच्यांना लागू झाला. मकारोवकडून ट्रॉफी कोणी परत मागितली नाही. तुमच्याकडे 3 अपिअरन्सचा नियम जाचक वाटत असेल तर सप्टेंबरमध्ये तो 2 करा, किंवा 3 ठेवून फक्त विन आणि शटआउट जातील असं करता येतं का बघा, तेव्हा मतदान घ्या, आणि तेव्हा कोणाकडे कुठला गोली येणार हे माहीत नसल्यामुळे लोक जरा माणसांसारखं मत देतात. दोन-तृतीयांश लागतील असं ठेवा, नुसतं बहुमत ठेवलं तर दरवर्षी नियम इकडून तिकडे.

नियम कुठे लिहायचे हे लोकांना फालतू वाटतं, ते नाहीये. 1999 ची स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) फायनल, डॅलस विरुद्ध बफेलो, सहावी मॅच, तिसरा ओव्हरटाइम, ब्रेट हलने गोल मारला तेव्हा त्याचा स्केट क्रीजमध्ये, म्हणजे नेटसमोरच्या गोलीच्या आखलेल्या जागेत, होता. अख्खा सिझन क्रीजमध्ये पाय म्हणून गोल रद्द होत आलेले आणि कपचा गोल मात्र धरला. लीगचं म्हणणं की पकवर ताबा असेल तर पाय आत चालतो, तसा मेमो टीम्सना आधीच गेलेला आहे. असेल गेला. पण बघणाऱ्यांना तो माहीत नव्हता आणि बफेलोचे लोक आजतागायत "नो गोल" म्हणतात. पुढच्या सिझनच्या आधी तो क्रीजचा नियमच काढून टाकला. तुमच्या ग्रुपवर नोव्हेंबरमध्ये कधी तरी रात्री साडेअकराला "ओके, मग असं करू" म्हणून तुम्ही जे टाकलंत आणि ज्याच्यावर तिघांनी अंगठा दिला, तो तुमचा मेमो. मार्चमध्ये तो स्क्रीनशॉट कोणी तरी काढणार. म्हणून एकच गूगल डॉक, लिंक ग्रुपच्या वरती पिन, बदल झाला की तारीख घालून त्यात, आणि डॉकमध्ये नाही ते नियमात नाही. व्हॉट्सॲपवर बोललेलं हवेत गेलं.

त्या डॉकमध्ये दोन-तीन गोष्टी घालाच ज्या लोक विसरतात. सिझन थांबला तर काय. 12 मार्च 2020 ला एनएचएल थांबली, बहुतेक हेड-टू-हेड लीगचे प्लेऑफ तोंडावर किंवा सुरू झालेले, टीम्सच्या 82 पैकी 68 ते 71 मॅच झालेल्या, आणि मे अखेरीस जाहीर झालं की रेग्युलर सिझन संपला म्हणून. तोपर्यंत अडीच महिने कित्येक लीगमध्ये पॉट कोणाचा यावर काथ्याकूट. आमचं वाक्य आता असं आहे: प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी थांबला तर त्या दिवशीच्या स्टँडिंग्जप्रमाणे पॉट पहिल्या तिघांत, प्लेऑफमध्ये थांबला तर जे उरलेत त्यांच्यात समान. आदर्श नाही, पण लिहिलेलं आहे. तसंच मोठ्या सुट्टीचं, फेब्रुवारी 2025 मध्ये फोर नेशन्स या चार देशांच्या स्पर्धेसाठी आणि 2026 मध्ये मिलान-कोर्तिना ऑलिंपिकसाठी लीग थांबली, अशा वेळी दोन-तीन आठवडे मिळून एक मॅचअप होते, मग ॲडची मर्यादा तेवढीच का दुप्पट, गोली 3 का 5, हे आधीच. आणि 2026-27 पासून 82 च्या ऐवजी 84 मॅचचा सिझन ठरलाय, म्हणजे जुन्या तारखा कॉपी-पेस्ट करू नका.

वेळेचंही लिहा. मॅच सुरू झाली की लाइनअप लॉक, तिथे प्रश्न नाही, पण कीपर जाहीर करायची, पैसे भरायची वेळ "टोरोंटो वेळेप्रमाणे" असं स्पष्ट हवं. आमच्या पुणेकराकडे संध्याकाळी 7 ची मॅच पहाटे साडेचारला लागते आणि नोव्हेंबरात इकडची घड्याळं मागे गेली की साडेपाचला, "रविवार रात्रीपर्यंत" म्हणजे नक्की कोणाची रात्र यावर त्याने एकदा तासभर वाद घातलाय. मुद्दा बरोबर होता त्याचा.

पैसे आधी घ्या, भिशीसारखे, ड्राफ्टच्या आधी सगळ्यांचे जमा, नाही आले तर टीम नाही. हरल्यावर पैसे मागायला गेलं की नियमावरची भांडणं उकरून निघतात, त्यातली निम्मी खरी नसतातच.

आता निकाल लिहायचा कसा, कारण बऱ्याच जणांचा निकाल बरोबर असतो आणि मेसेज वाईट असतो. चिडका, लांबलचक, किंवा माफी मागणारा. गोलीवाल्यासाठी मी असं लिहीन: "आठवडा 21, गोली अपिअरन्स. नियम 7 प्रमाणे किमान 3, झाले 2. प्लॅटफॉर्मचा निकाल कायम. वॉर्मअपमधली दुखापत हा अपवाद नियमात नाही. अपवाद असावा का, हा विषय सप्टेंबरच्या यादीत घातला आहे. या विषयावर या सिझनमध्ये पुढे चर्चा नाही." बस. कोणाचं नाव नाही, "मला पण वाईट वाटतंय" नाही, स्माइली नाही. वाईट वाटतंय ते त्याला वेगळा फोन करून सांगा, आणि खरंच सांगा, प्लेऑफ हुकणं असं हुकलं तर लागतं माणसाला. पण हा मेसेज टाकायच्या आधी फोन करा, नंतर नको, ग्रुपवर वाचून कळलं की तो दुप्पट भडकतो.

एक विचारतील की निकालावर अपील आहे का. ठेवा, 24 तास, एकदाच, लेखी, उपकमिशनरकडे, आणि अपील फक्त "नियम चुकीचा वाचला" यावर. "नियम वाईट आहे" हे अपील नाही.

तर क्रम असा लावा. आज रात्री असिस्टवाली मॅचअप त्या दोघांकडे सोपवा आणि ग्रुपवर एका ओळीत सांगा की मी यातून बाहेर. गोलीवाल्याला फोन, मग वरचा मेसेज. ट्रेडवाल्या दोघांना वेगवेगळे मेसेज, उत्तराला उद्या दुपारी 12 पर्यंत वेळ, आणि तोपर्यंत मकार जिथे आहे तिथे राहू दे, त्याला लॉक करू नका, बेंचवर बसवायला लावू नका. दोघांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली तर मात्र मला परत विचारा, कारण मग ती एकाच सोफ्यावर बसून लिहिलेली आहेत.